गेस्ट पहिल्याच इन्स्ट्रक्शनवर अडकतो आणि कारण २० थांबत नाही: एक्सव्ही-सिक्सला रिस्क-फाइव्हवर हायपरवायझर करताना

"मॅडम, परत तेच."

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची मुलं साधारण जानेवारीत हे वाक्य घेऊन लॅबमध्ये येतात. तोपर्यंत स्क्रीनवर काय असेल ते मला न बघता सांगता येतं: एसकॉज (थांबण्याचं कारण) २०, एसईपीसी (अडलेल्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता) ८०००००००, एचटीव्हॅल (गेस्टचा न सापडलेला पत्ता) २०००००००. कारण २० म्हणजे गेस्टला इन्स्ट्रक्शन वाचतानाच आलेला पेज फॉल्ट. खाली तीच ओळ. तिच्याखाली पुन्हा तीच. पाहुणा दारात उभा आहे, चप्पल काढायलाही तयार नाही, आणि आपण हजार वेळा "या, बसा" म्हणतोय.

प्रोजेक्ट असा असतो: एमआयटीचा एक्सव्ही-सिक्स हा शिकवण्यासाठीचा छोटा कर्नल, त्याची रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेवरची आवृत्ती घ्यायची आणि तिला रिस्क-फाइव्हच्या हायपरवायझर एक्स्टेन्शनचा (सगळे नुसतं 'एच' म्हणतात) वापर करून दुसरा कर्नल (तो गेस्ट) पोटात घ्यायला शिकवायचं, म्हणजे तिचा हायपरवायझर करायचा. रचना बघता काम अवघड वाटत नाही. पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये व्हर्च्युअलायझेशनच्या ज्या अटी मांडल्या, त्या जुन्या पेंटियमच्या १७ इन्स्ट्रक्शन्स मोडत होत्या, म्हणून त्या काळी एक्स-८६ वर नाना कसरती कराव्या लागल्या. रिस्क-फाइव्हने तो धडा आधीच घेतला होता. एच आलं की सुपरवायझर मोडचाच एचएस मोड होतो, जुना कर्नल त्यात जसाच्या तसा उठतो, आणि गेस्टसाठी व्हीएस आणि व्हीयू असे दोन मोड मिळतात. २०२१ च्या अखेरीस एचला अधिकृत मान्यता मिळाली, जानेवारी २०२२ मध्ये लिनक्स ५.१६ बरोबर केव्हीएम (लिनक्सचा स्वतःचा हायपरवायझर) हेही आलं. म्हणजे रस्ता मळलेला आहे.

तरी मुलं दर वर्षी त्याच खड्ड्यात पडतात. कारण लक्षण एकच दिसत असलं तरी त्यामागे किमान चार वेगवेगळ्या चुका असू शकतात, आणि त्यांतली एक अशी आहे की हार्डवेअर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. मी ज्या क्रमाने तपासते त्याच क्रमाने खाली लिहिते. पत्ते सगळे हेक्समध्ये, बिटांचे आणि कारणांचे क्रमांक दशमानात.

सुरुवातीला एक खात्री करून घ्या: तुमच्या कोरला एच आहे ना? नसेल तर एचजीएटीपीला (गेस्टच्या पत्त्यांचं रूपांतर करणारं टेबल कुठे आहे ते सांगणारं रजिस्टर) पहिला हात लावताच बेकायदा इन्स्ट्रक्शनचा ट्रॅप (चालू काम सोडून हँडलरकडे उडी), म्हणजे कारण २ येतो, आणि पुढचं सगळं वाचायची गरज उरत नाही. घरी व्हिजनफाइव्ह-२ आहे म्हणून त्यावर करतो, असं सांगणारा एक जण दर वर्षी भेटतो. त्या बोर्डावरच्या यू-७४ कोरला एच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य झालेल्या आरव्हीए-२३ प्रोफाइलने एच सक्तीचं केलंय, पण आधीच विकत घेतलेल्या बोर्डाला त्याचा काय उपयोग.

पत्ता आधी नीट वाचा

एचटीव्हॅलमध्ये गेस्टचा भौतिक पत्ता असतो, पण दोन बिट उजवीकडे सरकवलेला. ३२ बिटांच्या रिस्क-फाइव्हवर गेस्टचा भौतिक पत्ता ३४ बिटांचा होऊ शकतो, तो ३२ बिटांच्या रजिस्टरात मावावा म्हणून ही सोय. ६४ बिटांच्या मशीनवर तिची गरज नाही, नियम मात्र तोच. म्हणून २००००००० दिसलं तर त्याला ४ ने गुणा: ८०००००००. गेस्ट जिथून सुरू व्हायला हवा नेमका तोच पत्ता. खालचे दोन बिट हवेच असतील तर ते एसटीव्हॅलमधून घ्या.

हे सांगायला एवढा वेळ घालवते, कारण क्युएमू या एम्युलेटरच्या 'व्हर्ट' मशीनमध्ये २००००००० या पत्त्यावर खरोखरच काहीतरी आहे: फ्लॅश मेमरी. मागे एका गटाने "मॅडम, गेस्ट फ्लॅशमध्ये उडी मारतोय" असं ठरवून दोन दिवस लिंकर स्क्रिप्ट उसवून ठेवली. गेस्ट बिचारा जागचा हललाच नव्हता. ट्रॅप छापणाऱ्या फंक्शनमध्ये आजच गुणाकार करून टाका आणि कच्चा आकडा छापूच नका. आणखी एक बाब: काही कोर एचटीव्हॅलमध्ये शून्यच ठेवतात, नियमाने त्यांना तशी मुभा आहे. तिथे शून्य म्हणजे "शून्य पत्ता" नव्हे, "सांगत नाही" असंही असू शकतं. शून्य दिसलं की एसईपीसी आणि एसटीव्हॅल बघूनच निष्कर्ष काढा.

काहीच छापलं जात नाही, पण घड्याळ पळतंय

ही पहिली चूक, आणि मला स्वतःला ही फार आवडते, कारण तिचं लक्षण विनोदी आहे. गेस्ट सुरू केला, स्क्रीनवर कारण २० सुद्धा येत नाही. होस्टचं शेल जिवंत आहे. कुणीतरी सहज स्लीप १०० टाइप करतं, आणि ते एंटर दाबताक्षणी परत येतं. गेस्ट मारून टाकला की मात्र स्लीप १ सुद्धा परत येत नाही. आधी घड्याळ पळालं, मग बंदच पडलं.

एक्सव्ही-सिक्स मशीन मोडमध्ये उठतो आणि स्टार्ट फंक्शनमध्ये एमईडेलेग व एमआयडेलेग या दोन्हींत एफएफएफएफ लिहून सगळे ट्रॅप सुपरवायझरकडे सोपवतो. एफएफएफएफ म्हणजे बिट ० ते १५. एच नसताना तेवढं पुरतं. पण गेस्टचे पेज फॉल्ट राहतात २०, २१ आणि २३ या क्रमांकांवर, आणि व्हर्च्युअल इन्स्ट्रक्शनचा ट्रॅप २२ वर. हे चारही एफएफएफएफच्या बाहेर. म्हणून गेस्टचा फॉल्ट तुमच्या हँडलरकडे येतच नाही, थेट मशीन मोडमध्ये जातो.

आता जुन्या एक्सव्ही-सिक्समध्ये मशीन मोडचा हँडलर एकच: टायमरव्हेक. मशीन मोडमध्ये टायमरशिवाय दुसरं काही येणारच नाही या भरवशावर तो लिहिलाय, त्यामुळे कारण तपासायची तसदी घेत नाही. फॉल्ट आला की तो पुढच्या टायमरची वेळ १० लाख टिकांनी ढकलतो, सुपरवायझरसाठी सॉफ्टवेअर इंटरप्ट उभा करतो आणि परततो. होस्टला वाटतं, टिक पडली. तो टिक मोजतो आणि गेस्टला पुन्हा आत सोडतो. गेस्ट त्याच इन्स्ट्रक्शनवर पुन्हा फॉल्ट देतो. सेकंदाला हजारो खोट्या टिका पडतात म्हणून स्लीप लगेच संपतं, आणि खऱ्या टायमरची वेळ दर फेरीला पुढे जात जात इतकी लांब जाते की गेस्ट गेल्यावर खरी टिक पडतच नाही.

नव्या आवृत्तीत टायमर एसएसटीसी या एक्स्टेन्शनच्या मदतीने थेट सुपरवायझर मोडमध्ये येतो, टायमरव्हेक उरलेलाच नाही, आणि एमटीव्हेकमध्ये (मशीन मोडच्या हँडलरचा पत्ता ठेवायची जागा) कुणी काही भरत नाही. तिथे हीच चूक झाली की कोर कुठल्यातरी निरर्थक पत्त्यावर जाऊन गप्प होतो. विनोद गेला, दुखणं तेच.

उपाय एका ओळीचा: एमईडेलेगमध्ये बिट २० ते २३ मिळवा. त्याच बसणीत एमटीव्हेकला एक चार ओळींचा हँडलर द्या, जो एमकॉज आणि एमईपीसी छापून थांबेल. आयुष्यात पुन्हा असा शांत मृत्यू बघावा लागणार नाही. गेस्टकडे इंटरप्ट सोपवण्यासाठी एमआयडेलेगमध्ये वेगळं काही करावं लागत नाही, एच असलेल्या कोरवर व्हीएसचे ते बिट कायमचे १ असतात.

कारण २० नीट येतंय, पण येतच राहतंय

इथपर्यंत आलात तर निम्मं झालं. आता हार्डवेअर सांगतंय की गेस्टच्या भौतिक पत्त्याचं होस्टच्या पत्त्यात रूपांतर होत नाही. म्हणजे दुसऱ्या टप्प्याचं पेज टेबल, ज्याला एचच्या भाषेत जी-स्टेज म्हणतात, ते चुकलंय.

दहातल्या सात गटांनी इथे मॅपपेजेस या फंक्शनला आर, डब्ल्यू, एक्स (वाचणं, लिहिणं, चालवणं) हे तीन बिट दिलेले असतात आणि यू (यूजरला परवानगी) दिलेला नसतो. कारण विचारलं तर उत्तर तयार: "गेस्टचा कर्नल आहे ना मॅडम, यूजर कुठे आहे?" तर्क चुकीचा नाही, पण तो पहिल्या टप्प्याचा तर्क आहे. जी-स्टेजच्या नजरेत गेस्टने केलेली प्रत्येक मेमरी-हालचाल यूजरचीच असते, मग ती गेस्टच्या कर्नलने केलेली असो वा गेस्टमधल्या प्रोग्रामने. यू नसेल तर फॉल्ट. होस्टसाठी अख्खा गेस्ट हा एक यूजरच, असं डोक्यात बसलं की पुन्हा विसरायला होत नाही.

दुसरी भानगड ए आणि डी बिटांची (पेज वापरलं गेलं, पेजवर लिहिलं गेलं, अशा खुणा). एक्सव्ही-सिक्स हे बिट स्वतः कधी लावत नाही. काही कोर ते आपणहून लावतात, काही तसं न करता फॉल्ट देतात आणि लावायचं काम सॉफ्टवेअरवर टाकतात. दोन्ही प्रकार नियमात बसतात. म्हणून जी-स्टेजची एन्ट्री बनवतानाच ए आणि डी लावून टाका. केव्हीएमही तेच करतं, आणि कुठलं पेज बदललं याचा माग ठेवायचा असेल तेव्हा लिहिण्याची परवानगी काढून घेऊन ठेवतं.

एन्ट्री छापून बघा आणि तिचा शेवटचा बाइट वाचा. साध्या रॅमसाठी तो डीएफ हवा. १एफ दिसला तर ए आणि डी राहिलेत. सीएफ दिसला तर यू राहिलाय. ०एफ दिसला तर दोन्ही, आणि तुम्ही होस्टच्या केव्हीएममॅपच्या ओळींवर बेतून लिहिलंय हेही मला कळलं.

एन्ट्री डीएफ आहे, तरी अडकतंय. कधी अडकतंय, कधी नाही.

आता त्या खड्ड्याकडे, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गटाचा गेस्ट एम्युलेटरवर मस्त चालत होता. एफपीजीएवर (हवं ते हार्डवेअर चढवता येणारी चिप) एच असलेला कोर चढवला, डिस्कऐवजी रॅमडिस्क जोडली, आणि गेस्ट अडकला. कारण २०. गटातल्या मुलीने शोध घ्यायला लॉग साठवण्यासाठी केअलॉकने (एक्सव्ही-सिक्सचं मेमरी वाटणारं फंक्शन) एक पेज घेतलं, गेस्ट चालू. लॉग काढला, गेस्ट बंद. पुन्हा लॉग टाकला, चालू. मग तिने लॉगसाठी एकाऐवजी दोन पेजेस घेतली, पुन्हा बंद. वैद्य बघायला आला की ताप उतरतो, तसला प्रकार. दुसऱ्या मुलाने तोवर "रेस कंडिशन" असा निकाल देऊन टाकला होता. ज्याचं कारण सापडत नाही त्याला रेस कंडिशन म्हणायची पद्धत आहे, पण इथे चालू असलेला कोर एकच होता.

मी विचारलं, "एचजीएटीपीत काय लिहिलंयस?"

"मोड ८, व्हीएमआयडी १, आणि मूळ टेबलाचा पेज क्रमांक."

"आणि परत वाचल्यावर काय येतं?"

"लिहिल्यावर परत कशाला वाचायचं, मॅडम? आपणच तर लिहिलंय."

वाचलं. लिहिलेल्या आकड्याचा शेवट होता ५३. वाचलेल्याचा ५०.

साध्या एसव्ही-३९ या पेज टेबलाच्या पद्धतीत मूळ टेबल एका पेजचं असतं: ४ केबी, ५१२ एन्ट्री. जी-स्टेजचा एसव्ही-३९-एक्स-४ गेस्टला ३९ ऐवजी ४१ बिटांचा पत्ता देतो, आणि ते जास्तीचे दोन बिट मूळ टेबलावर टाकतो. त्यामुळे मूळ टेबल १६ केबीचं होतं, २०४८ एन्ट्रींचं, आणि ते १६ केबीच्या सीमेवरच बसावं लागतं. सीमेवर बसलेल्या टेबलाच्या पेज क्रमांकाचे शेवटचे दोन बिट शून्यच असणार, म्हणून एचजीएटीपीत ते दोन बिट नेहमी शून्यच वाचले जातात. तुम्ही तिथे १ लिहिलात तर ट्रॅप नाही, इशारा नाही. आकडा गुपचूप खाली उतरतो आणि हार्डवेअर भलत्याच पेजला मूळ टेबल समजून चालू लागतं.

आता केअलॉकचं गणित बघा, सगळं कोडं उलगडतं. एक्सव्ही-सिक्सची मेमरी ८८०००००० ला संपते. सुरुवातीला केइनिट खालून वर जात एकेक पेज मोकळ्या यादीच्या तोंडाशी ठेवतो, त्यामुळे पेजेस मिळतात ती वरून खाली, एकामागे एक. चारांतलं एक पेज १६ केबीच्या सीमेवर पडतं. मूळ टेबल मागण्याआधी किती पेजेस वाटली गेली यावर नशीब ठरतं. एक पेज जास्त घेतलं की बेरीज बदलली. मुलीच्या लॉगने काही दुरुस्त केलं नव्हतं, फक्त रांगेत एक माणूस पुढे उभा केला होता.

आणि हार्डवेअर ज्या भलत्या पेजवर गेलं, तिथे काय होतं? वाटप वरून खाली होतं, म्हणजे खालचं पेज अजून मोकळ्या यादीत होतं. केफ्री मोकळ्या पेजचा प्रत्येक बाइट ०१ ने भरून ठेवतो, फक्त पहिल्या ८ बाइटांत पुढच्या पेजचा पॉइंटर असतो. गेस्टच्या ८००००००० ला मूळ टेबलातली क्रमांक २ ची एन्ट्री लागते. ती वाचली तर ०१०१०१०१०१०१०१०१. सगळ्यात खालचा बिट १, म्हणजे एन्ट्री वैध असल्याचा दावा. पण वरच्या बाजूला ५६ क्रमांकाचाही बिट १, आणि ५४ ते ६० हे बिट राखीव आहेत, ते शून्य नसले की फॉल्ट. म्हणून कारण २०.

सगळ्यात चकवणारी गोष्ट म्हणजे तिचं डंप फंक्शन. ते प्रत्येक वेळी डीएफ दाखवत होतं! कारण ते तिच्या स्वतःच्या पॉइंटरपासून, म्हणजे ५३ पासून चालत होतं, आणि हार्डवेअर ५० पासून. दोघं वेगवेगळ्या घरांचे पत्ते घेऊन एकमेकांशी वाद घालत होते. म्हणून सांगते: डंप फंक्शनला तुमच्याकडचा पॉइंटर देऊच नका. एचजीएटीपी वाचा, त्यातून मूळ काढा आणि तिथून चाला.

या रजिस्टरची अशी बरीच क्षेत्रं आहेत, ज्यांत काहीही लिहिता येतं पण वाचताना फक्त कायदेशीर तेवढंच हाती येतं. एसएटीपीची (होस्टच्या पेज टेबलाचं रजिस्टर) सवय असलेल्यांना इथे आणखी एक फरक नडतो. एसएटीपीत न चालणारा मोड लिहिला तर सगळं लिखाणच वाया जातं, जुनं मूल्य कायम राहतं. एचजीएटीपीत तसं नाही, एकेक क्षेत्र आपापल्या परीने लिहिलं जातं, म्हणजे अर्धं तुमचं आणि अर्धं हार्डवेअरच्या मर्जीचं असं मूल्य तयार होऊ शकतं. केव्हीएम या स्वभावाचा उलट फायदा घेतं: मोठा मोड लिहून बघतं, वाचतं, टिकला तर ठेवतं, नाही तर लहान मोड. व्हीएमआयडीचे (गेस्टचा क्रमांक) किती बिट खरे आहेत तेही असंच, सगळे १ लिहून मग वाचून मोजतं.

एम्युलेटरवर हे का दिसलं नाही? आम्ही वापरत होतो त्या आवृत्तीने ते दोन बिट तसेच ठेवले असणार, त्यामुळे ४ केबीच्या सीमेवरचं टेबलही खपून गेलं. म्हणून "एम्युलेटरवर चालतंय" हे माझ्या लॅबमध्ये पुरावा धरलं जात नाही.

दुरुस्तीसाठी केअलॉकला हात लावू नका. सलग चार पेजेस देणारा अलोकेटर लिहिण्याच्या नादात अर्धं सेमिस्टर जातं. प्रत्येक गेस्टसाठी १६,३८४ बाइटांचा एक स्थिर अ‍ॅरे घ्या आणि त्याचं अलाइनमेंटही १६,३८४ ठेवा. एक्सव्ही-सिक्स सुरुवातीचा स्टॅक असाच स्थिर अ‍ॅरेने घेतो, त्यामुळे नमुना समोरच आहे. सगळी १६ केबी शून्य करा, पहिलं पेज करून थांबू नका. आणि वॉक फंक्शनची वेगळी प्रत काढा: मूळ पातळीवर क्रमांकासाठी ९ ऐवजी ११ बिट घ्यायचे, आणि एक्सव्ही-सिक्सची कमाल पत्त्याची तपासणी तिथून उडवायची. ती ३८ बिटांपुढच्या पत्त्यावर पॅनिक करते. गेस्टचा पत्ता ५१२ जीबीच्या पुढे जात नाही तोवर हे ११ बिटांचं प्रकरण दिसत नाही, म्हणून ते आत्ताच करा. नंतर आठवणार नाही.

कारण २० आहे, पण पत्ता शून्य

आता गेस्ट थोडा चालतो आणि मग एसईपीसी शून्यावर कारण २० देतो. पेज टेबल बरोबर आहे, मोड चुकलाय.

गेस्टमध्ये शिरण्यासाठी एसरेट (ट्रॅपमधून परतायची इन्स्ट्रक्शन) करताना दोन गोष्टी लागतात: एचस्टेटसमधला एसपीव्ही बिट १, आणि एसस्टेटसमधला एसपीपी बिटही १. पहिला म्हणतो "गेस्टमध्ये जा", दुसरा म्हणतो "तिथल्या सुपरवायझरमध्ये जा". मुलं गेस्टमध्ये शिरायचा कोड यूजरट्रॅपरेटवरून बनवतात, आणि त्या फंक्शनमध्ये एसपीपी शून्य करायची ओळ आहे, यूजरकडे परतायचं असतं म्हणून. ती ओळ सोबत येते. एसपीव्ही १, एसपीपी ० म्हणजे गेस्टचा कर्नल व्हीयूमध्ये, स्वतःच्याच घरात भाडेकरू म्हणून.

सुरुवातीच्या साध्या इन्स्ट्रक्शन्स व्हीयूतही चालतात, म्हणून लगेच कळत नाही. मग दोनपैकी एक होतं. गेस्टने एसटीव्हेकसारख्या रजिस्टरला हात लावला तर कारण २२ येतं. किंवा त्याने ईकॉल (वरच्या मोडकडे सेवा मागणारी इन्स्ट्रक्शन) केला तर १० ऐवजी ८ तयार होतं, आणि ८ तुम्ही एचईडेलेगमधून गेस्टकडे सोपवलेलं असलं तर तो ट्रॅप गेस्टच्याच हँडलरकडे जातो. तो अजून बसवलेला नाही, व्हीएसटीव्हेक शून्य आहे. गेस्ट शून्यावर उडी मारतो, तिथे काही मॅप केलेलं नाही, आणि शेवटी कारण २०. दोन ट्रॅपची साखळी, दिसतो फक्त शेवटचा. गेस्टमधून येणारा ईकॉल ८ आहे की १०, एवढं बघितलं तरी निदान होतं.

ट्रॅम्पोलिनचं पेजही (ट्रॅपच्या वेळी पेज टेबल बदलणारा कोड असलेलं) बरेच जण गेस्टसाठी नक्कल करतात. त्याची गरज नाही. गेस्ट चालू असताना पत्त्यांचं रूपांतर व्हीएसएटीपी आणि एचजीएटीपी करतात, होस्टचा एसएटीपी बाजूला बसून असतो, आणि ट्रॅप आला की त्याच क्षणी पुन्हा कामाला लागतो. त्यात कर्नलचं टेबल राहू द्या आणि हँडलरचा पत्ता सरळ कर्नलचा द्या.

क्युएमूवर बरोबर, बोर्डावर शिळं

मागणी येईल तशी पेजेस मॅप करत असाल तर एन्ट्री भरल्यावर एचफेन्स-जीव्हीएमए (कोरने लक्षात ठेवलेली जुनी रूपांतरं पुसणारी इन्स्ट्रक्शन) हवाच. अवैध एन्ट्री वैध केली तर फेन्स कशाला, असं वाटतं, पण रिस्क-फाइव्हचा कोर अवैध एन्ट्रीही लक्षात ठेवू शकतो. आणि या इन्स्ट्रक्शनला पत्ता द्यायचा तोही दोन बिट उजवीकडे सरकवून, एचटीव्हॅलसारखाच. न सरकवता दिलात तर चौपट लांबच्या पत्त्यावरची एन्ट्री पुसली जाते आणि तुमची तशीच राहते. क्युएमू या इन्स्ट्रक्शनवर संपूर्ण टीएलबी (लक्षात ठेवलेल्या रूपांतरांचा साठा) झटकून टाकतो, त्यामुळे ही चूक तिथे कधीच पकडली जात नाही. शंका असेल तर पत्ता न देता सगळं पुसा. हळू चालेल, पण चालेल.

कारण २३ आलं तर पेढे वाटा

यूएआरटीच्या (अक्षरं पाठवणारा सिरियल पोर्ट) १००००००० या पत्त्यावर गेस्टने लिहिलं आणि कारण २३ आलं, तर तो दोष नाही. ते पेज तुम्ही मुद्दाम मॅप केलेलं नाही, ट्रॅप यावा म्हणूनच. आता कुठली इन्स्ट्रक्शन होती ते एचटीइन्स्ट सांगतो, किंवा शून्य देऊन हात वर करतो. दोन्हींची तयारी ठेवा. शून्य असेल तर एचएलव्हीएक्स-एचयू वापरून गेस्टच्या मेमरीतून ती इन्स्ट्रक्शन स्वतः वाचावी लागते. एचटीइन्स्ट भरलेला असेल तर त्याचा बिट १ बघा: तो शून्य असेल तर मूळ इन्स्ट्रक्शन २ बाइटांची होती, एसईपीसी २ ने पुढे न्यायचा. सरसकट ४ मिळवणाऱ्यांचा गेस्ट एक इन्स्ट्रक्शन गिळतो आणि पुढे कुठेतरी, भलत्याच जागी, वेडंवाकडं वागतो.

म्हणूनच पहिला गेस्ट म्हणून लिनक्स घेऊ नका, आणि एक्सव्ही-सिक्स तर नाहीच. तो मशीन मोडमध्ये उठायची अपेक्षा धरतो, त्याला हार्ट क्रमांक (कोरचा क्रमांक) वाचतानाच बेकायदा इन्स्ट्रक्शन मिळेल. चार ओळींचा गेस्ट लिहा: ए-० मध्ये कॅपिटल 'ए' अक्षराचा कोड, ए-७ मध्ये १, मग ईकॉल, मग स्वतःवरच उडी. जुन्या एसबीआयमध्ये (कर्नलने खालच्या थराकडे सेवा मागायची ठरलेली पद्धत) १ म्हणजे एक अक्षर छापा. होस्टला कारण १० येईल, अक्षर छापायचं आणि परत जायचं.

त्या मुलीच्या गटाने १६ केबीचा अ‍ॅरे टाकला त्या रात्री साडेअकराला मला फोटो आला. अख्खी स्क्रीन 'ए' या अक्षराने भरलेली, वरपासून खालपर्यंत, आणि खाली मेसेज: "मॅडम, गेस्ट चालला! पण थांबतच नाही." ईकॉल नेहमी ४ बाइटांचाच असतो. मी उत्तर पाठवलं, "एसईपीसीत ४ मिळव आणि झोप."